पन्नास लाखांची नोट

गेल्या वर्षी पुण्यात जुन्या नाण्या-नोटांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे मी पन्नास लाखांची नोट दीडशे रुपयांना घेतली. घासाघीस केली असती तर शंभरला दिली असती त्या माणसाने, पण पन्नास लाखांच्या नोटेसाठी पन्नास रुपये कमी करा म्हणायला माझीच जीभ रेटेना. घरी येऊन बायकोला म्हटलं, हे घे पन्नास लाख, फ्लॅटचं लोन फेडून टाक. ती म्हणाली आधी दुधाचं बिल भागतंय का बघ.

मी बँकेत आहे. कॅश काउंटरवर बावीस वर्षं गेली, त्यामुळे नोट हातात आली की आधी अंगठा आपोआप कडेवरून फिरतो, मग ती उजेडाकडे धरली जाते आणि आकड्याकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. ह्या नोटेवर फ्रेंचमध्ये लिहिलंय पाच मिलियन झैर, साल १९९२, बिबट्याचं चित्र आहे आणि एका माणसाचा चेहरा आहे. आपल्याकडे १९९६ पासून सरसकट नोटांवर गांधीजी आले, तेही जाऊन अर्धशतक होत आल्यावर. इथे मात्र जो माणूस त्या वेळी देश चालवत होता तोच नोटेवर, आणि तोही आधीच्या वीसेक वर्षांपासून.

हा मोबुटू. झैरचा, म्हणजे आत्ताच्या काँगोचा हुकूमशहा. नोव्हेंबर १९६५ ते मे १९९७, मोजून साडेएकतीस वर्षं.

मला त्याचं नाव माहीत होतं ते फक्त बिबट्याच्या कातड्याच्या टोपीमुळे. लहानपणी कुठल्यातरी साप्ताहिकात फोटो बघितला होता, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, हातात कोरीवकाम केलेली काठी आणि डोक्यावर ती टोपी, आणि आम्ही भावंडं खूप हसलो होतो. तो मेला ती तारीख ७ सप्टेंबर १९९७. त्या आठवड्यात काय चाललं होतं आठवतंय का? ३१ ऑगस्टला डायना गेली, ५ सप्टेंबरला मदर तेरेसा. आमच्याकडे सकाळचा पेपर आणि रात्रीच्या बातम्या ह्या दोघींनीच भरलेल्या असायच्या, त्यात ह्या बाबाची बातमी आली असेल तर आतल्या पानावर कुठेतरी कोपऱ्यात, मी तरी वाचल्याचं आठवत नाही. ज्याच्या देशात टीव्हीवरच्या बातम्या सुरू व्हायच्या आधी रोज तो ढगांतून खाली उतरताना दाखवायचे, त्याच्या मरणाला अशी जागा मिळावी. (ढगांचं खरंच आहे, मी अतिशयोक्ती करत नाहीये. आपल्याकडे पौराणिक मालिकांत देव प्रकट व्हायचे ना, साधारण तसंच.)

तर नोट आणली आणि मग रात्री जेवणं झाली की त्याच्याबद्दल वाचायचा नादच लागला. सुरुवातीला हसायलाच येतं. नावापासून. मोबुटू सेसे सेको कुकू न्ग्बेंडू वा झा बांगा. याचा सरकारी अर्थ असा की अथक जिद्दीच्या जोरावर एकामागून एक विजय मिळवत मागे आग सोडत जाणारा महापराक्रमी योद्धा. लोकांनी केलेला अर्थ वेगळाच, एकही कोंबडी न सोडणारा कोंबडा.

मूळ नाव जोसेफ-देझिरे. जन्म १४ ऑक्टोबर १९३०, काँगो नदीच्या काठावरच्या लिसाला गावात. बाप एका बेल्जियन न्यायाधीशाकडे स्वयंपाकी, तो पोरगा आठ वर्षांचा असताना गेला. न्यायाधीशाच्या बायकोला हा पोरगा आवडायचा, तिने त्याला चांगलं फ्रेंच शिकवलं आणि ते पुढे आयुष्यभर कामाला आलं. मिशनरी शाळेत पाद्र्यांची भाषा चुकली की हा त्यांनाच दुरुस्त करायचा असं सांगतात. मग एकदा बोटीत बसून राजधानीला पळून गेला, पकडला गेला, आणि शिक्षा म्हणून पाद्र्यांनी त्याला वसाहतीच्या फौजेत घातलं, सात वर्षांसाठी. म्हणजे उनाड पोराला सरळ करायला लष्करात पाठवलं! तिथे तो हिशेब-टायपिंग शिकला आणि सार्जंट-मेजर झाला. त्या काळात काळ्या माणसाला त्याच्यावरचा हुद्दाच नव्हता. १९५६ ला बाहेर पडून पेपरात लिहायला लागला. पत्रकार. हे विसरायचं नाही, कारण फोटो कसा काढून घ्यायचा आणि तो कुठे कुठे चिकटवायचा हे त्याला कुठल्याही जनरलपेक्षा जास्त कळत होतं.

पेपरच्या काळातच त्याची ओळख झाली पॅट्रिस लुमुंबाशी. आणि इथे माझं हसू थांबलं.

३० जून १९६० ला काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. पाच दिवसांत फौजेत बंड, कारण फौजेचा बेल्जियन जनरल यान्सेन्स ह्याने सैनिकांसमोर फळ्यावर लिहून दाखवलं की स्वातंत्र्यापूर्वी बरोबर स्वातंत्र्यानंतर, म्हणजे तुमच्यासाठी काहीही बदललेलं नाही. पंतप्रधान लुमुंबाने घाईघाईत आपल्या विश्वासातल्या माणसाला, म्हणजे ह्या माजी सार्जंट-मेजरला, कर्नल करून लष्करात दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे चीफ ऑफ स्टाफ केलं. दोनच आठवड्यांत तांब्याच्या खाणींचा कातांगा प्रांत फुटून निघाला. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कासावुबूने लुमुंबाला काढलं, लुमुंबाने कासावुबूला काढलं, आणि १४ सप्टेंबरला मोबुटू रेडिओवर आला आणि म्हणाला की दोघांनाही बाजूला ठेवतो. वय २९. पाठीमागे अमेरिकेची सीआयए आणि बेल्जियम.

डिसेंबरमध्ये लुमुंबा पळून जाताना पकडला गेला, त्याला राजधानीत आणलं त्याची फिल्म आहे, यूट्यूबवर सहज सापडते. पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले, ट्रकमध्ये बसवलाय. एक सैनिक केसांना धरून त्याचं डोकं वर करतो, कॅमेऱ्याला चेहरा नीट दिसावा म्हणून. दुसरा त्याचंच एक पत्रक वाचून दाखवतो आणि मग तो कागद चुरगाळून त्याच्या तोंडात कोंबायला जातो. लुमुंबा काही बोलत नाही, नुसता समोर बघत राहतो. तिथून त्याला मोबुटूच्या घरी नेलं, तिथेही सैनिक मारत होते आणि मोबुटू हाताची घडी घालून बघत होता असं पाहिलेल्यांनी सांगितलंय. मी हा व्हिडिओ रात्री साडेअकराला मोबाइलवर बघितला आणि नंतर किती तरी वेळ झोप लागली नाही. ज्याने तुला कर्नल केला, ज्याच्या घरी तू जेवलास...

१७ जानेवारी १९६१ ला त्याला विमानाने कातांगात, म्हणजे त्याच्या वैऱ्यांच्या ताब्यात पाठवला आणि त्याच रात्री दोन सहकाऱ्यांसह गोळ्या घातल्या. नंतर एका बेल्जियन पोलिस अधिकाऱ्याने प्रेतं उकरून काढून ॲसिडमध्ये विरघळवली आणि आठवण म्हणून एक दात स्वतःकडे ठेवला. तो दात बेल्जियमने २०२२ च्या जूनमध्ये लुमुंबाच्या मुलांना परत दिला. दात. आणि मोबुटूने काय करावं? १९६६ मध्ये लुमुंबाला राष्ट्रीय वीर म्हणून जाहीर केलं. सगळीकडे त्याचा जयजयकार.

ह्या सगळ्या गोंधळात आपली माणसंही होती बरं का. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे काँगोतले प्रतिनिधी तेव्हा राजेश्वर दयाळ होते, त्यांनी मोबुटूच्या त्या राजवटीला मान्यता द्यायचं नाकारलं, म्हणून तिकडून त्यांना परत बोलवा अशी बोंब सुरू झाली आणि शेवटी १९६१ च्या मे मध्ये त्यांना जावं लागलं. त्याच वर्षी ५ डिसेंबरला कातांगाच्या राजधानीत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, परमवीरचक्र मिळालं. आपल्याकडे परमवीरांची नावं पाठ असलेली मुलं असतात, पण सलारिया कुठे लढले विचारलं तर हटकून चीन नाहीतर पाकिस्तान म्हणतील.

असो. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये मोबुटूने दुसऱ्यांदा सत्ता घेतली, ह्या वेळी कायमची, म्हणजे सांगताना पाच वर्षांसाठी. पुढच्या जूनमध्ये चार माजी मंत्र्यांना कटाच्या आरोपाखाली राजधानीत भर मैदानात फाशी दिलं, बघायला पन्नास हजारांवर माणसं. एवढं एकदा दाखवलं की मग रोज दाखवायची गरज राहत नाही. त्यानंतर त्याने जी पद्धत काढली ती खरं म्हणजे जास्त चलाख होती: माणूस मारायचा नाही, विकत घ्यायचा, मग पाडायचा, आणि पुन्हा विकत घ्यायचा.

न्गुझा कार्ल-इ-बोंड नावाचा त्याचा परराष्ट्रमंत्री होता. १९७७ मध्ये त्याला देशद्रोहासाठी फाशीची शिक्षा झाली, तुरुंगात अतोनात हाल केले. मग वर्षभरात माफी. दोन-तीन वर्षांत थेट पंतप्रधान. १९८१ मध्ये तो परदेशी पळाला आणि अमेरिकेच्या काँग्रेससमोर जाऊन मोबुटू कसा लुटतो ते सगळं बोलला. आता संपलाच ना हा माणूस? नाही. तो परत आला, आणि १९८६ मध्ये मोबुटूने त्याला अमेरिकेतच राजदूत म्हणून पाठवला. १९९१ ला पुन्हा पंतप्रधान. मी हे दोनदा वाचलं, मला वाटलं दोन वेगळी माणसं आहेत. आपल्याकडचं आयाराम-गयाराम ह्याच्यापुढे बालवाडी.

मधल्या काळात टोपी आली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये देशाचं नाव बदलून झैर केलं, नदी झैर, पैसा पण झैर (तो १९६७ पासूनच होता). गोऱ्यांची नावं नकोत, सगळं अस्सल आफ्रिकन पाहिजे. आता गंमत अशी की झैर हा शब्द मूळ आफ्रिकन नाहीच धड. तिथले लोक नदीला न्झादी किंवा न्झेरे म्हणायचे, ते पोर्तुगीजांना उच्चारता येईना, त्यांनी त्याचं झैर केलं. म्हणजे अस्सलपणाच्या नावाने पोर्तुगीज खलाशांचा बोबडा उच्चार देशाला चिकटवला. गावांची नावं बदलण्याचं आपल्याला काही नवल नाही, पण ह्याने माणसांचीही बदलली. ख्रिस्ती नावं टाका, बाळाला युरोपियन नावाने बाप्तिस्मा दिला तर पाद्र्याला पाच वर्षं तुरुंग. सूट-टाय बंद. पुरुषांनी घालायचा अबाकॉस्ट, म्हणजे बंद कॉलरचा कोट, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी सूट मुर्दाबाद! चांगल्यातले अबाकॉस्ट शिवून यायचे बेल्जियममधून. मला हे वाचून आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची आठवण झाली, स्वदेशीवर व्याख्यान द्यायचे आणि मनगटावर स्विस घड्याळ, पण ते बिचारे निरुपद्रवी होते.

अली विरुद्ध फोरमन ही बॉक्सिंगची लढत तुम्हाला माहीत असेलच, ३० ऑक्टोबर १९७४, झैरची राजधानी किन्शासा, पहाटे चार वाजता कारण अमेरिकेतल्या टीव्हीची वेळ सांभाळायची होती. प्रत्येकाला पन्नास लाख डॉलर. तेच पन्नास लाख. आणि गंमत म्हणजे झैर १९६७ ला सुरू झाला तेव्हा एका झैरला दोन डॉलर मिळायचे! म्हणजे माझ्या हातातली नोट त्या भावाने एक कोटी डॉलरची, अली आणि फोरमन दोघांचे पैसे त्या एका नोटेत भागले असते.

मग हा पैसा गेला कुठे? सोपं उत्तर चोरीत. पण चोरीची सुरुवात बघायची तर ३० नोव्हेंबर १९७३ ला जाऊन बघायची. त्या दिवशी मोबुटूने जाहीर केलं की परदेशी लोकांचे मळे, दुकानं, गोदामं, छोटे कारखाने झैरच्या नागरिकांना दिले जातील. ग्रीक, पोर्तुगीज, बेल्जियन, आणि पूर्वेकडे आपले भारतीय-पाकिस्तानी वंशाचे दुकानदार. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकललं ते आपल्याला माहीत असतं कारण त्यातली गुजराती, गोव्याची मंडळी लंडनला गेली आणि त्यांनी लिहिलं-बोललं, झैरचं हे मात्र फारसं कोणाला माहीत नाही. इथे माणसं हाकलली नाहीत, नुसत्या किल्ल्या काढून घेतल्या.

ह्या किल्ल्या कोणाला? मंत्री, पक्षाचे लोक, लष्करी अधिकारी, त्यांचे मेहुणे. सगळ्यात मोठा वाटा स्वतः मोबुटूचा. आता दुकान चालवणं म्हणजे काय असतं हे ज्याचं दुकान आहे त्याला विचारा. माल संपत आला की आधी ऑर्डर द्यावी लागते, ऑर्डरला उधारी लागते, उधारीला पत लागते, आणि ती पत माणसाची असते, शटरची नसते. माझे वडील किराणा दुकानात हिशेब लिहायचे, ते म्हणायचे फळीवर दिसतो तो माल, वहीत असतं ते दुकान. ह्या नव्या मालकांनी फळीवरचा माल विकला, गल्ल्यातले पैसे खिशात घातले आणि मागे फळ्या राहिल्या. काही महिन्यांत बाजारात साध्या साध्या वस्तू मिळेनाशा झाल्या, आतल्या गावांत तर ट्रकच जायचे बंद झाले. त्यात १९७४ नंतर तांब्याचा भाव कोसळला. १९७६ पर्यंत सरकार जुन्या मालकांना या हो परत म्हणायला लागलं. काही आले, बरेच नाही आले.

त्याच वर्षी मे महिन्यात स्टेडियममधल्या भाषणात मोबुटूने जनतेला चोरीबद्दल जाहीर सल्ला दिला. आशय असा की चोरायचंच असेल तर थोडं चोरा, हुशारीने, गोडीगुलाबीने चोरा, एका रात्रीत श्रीमंत होण्याइतकं चोराल तर पकडले जाल. राष्ट्राध्यक्ष बोलतोय हे! आणि लोकांनीही स्वतःचं एक कलम काढलं होतं, कलम १५. राज्यघटनेतलं नाही, लोकांच्या तोंडातलं. त्याचा अर्थ, तुमचं तुम्ही बघा. पगार मिळाला नाही? कलम १५. शिक्षक मुलांकडून पैसे घेतो, नर्स सुईचे पैसे मागते, शिपाई रस्त्यावर दोरी बांधून टोल घेतो, सगळं कलम १५. मला वाटतं हुकूमशहाचं खरं काम इथे पूर्ण होतं, फाशीच्या मैदानात नाही. सगळ्यांचेच हात थोडे थोडे बरबटले की मग कोण कोणाकडे बोट दाखवणार.

ह्या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जवळचा वाटला तो एर्विन ब्लुमेंथाल. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेतला माणूस, १९७८ मध्ये आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, त्याला झैरच्या मध्यवर्ती बँकेत बसवला, हिशेब सरळ कर म्हणून. बँकवाल्याला बँकवाल्याचं दुःख कळतं हो. तो बघतो तर सरकारचा पैसा आणि साहेबाचा पैसा ह्यात भिंतच नाही, बँकेच्या परदेशातल्या खात्यांतून साहेबाची माणसं परस्पर पैसे उचलतायत. एकदा संध्याकाळी हा ऑफिसात काम करत बसलेला असताना एका जनरलचे सैनिक मशीनगन घेऊन आत आले आणि परकीय चलन मागायला लागले. माझ्या काउंटरवर एकदा एक पुढारी स्लिप न भरता पैसे द्या म्हणून आवाज चढवून गेला होता तर मला दोन दिवस बीपीची गोळी वाढवावी लागली, मशीनगन म्हणजे कल्पनाच नको. वर्षभरात ब्लुमेंथाल निघून गेला. १९८२ च्या अहवालात त्याने लिहिलं की कर्ज देणाऱ्यांना त्यांचे पैसे परत मिळण्याची काहीही, पुन्हा सांगतो काहीही, शक्यता नाही.

आणि मग काय झालं? अजून कर्ज दिलं. कारण शेजारी अंगोलात रशियाची आणि क्यूबाची माणसं, आणि मोबुटू आमचा. रेगनने त्याचं कौतुक केलं, थोरल्या बुशने १९८९ मध्ये व्हाइट हाऊसला बोलावलं. आमच्याकडे शेतकऱ्याला पन्नास हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार मागायचे.

पैसे दिसत होते ते ग्बाडोलिटेला. आजोळ-घराणं त्या भागातलं म्हणून विषुववृत्ताच्या जंगलात राजवाडे बांधले, आवाजापेक्षा जोरात उडणारं कॉन्कॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली आणि खरंच पॅरिसहून कॉन्कॉर्ड भाड्याने आणायचा. चिनी पद्धतीचे पॅगोडे, गुलाबी शॅम्पेन वगैरे. आता तिथे झाडं उगवलीत, फोटो आहेत, बघा हवं तर.

१९८९ च्या डिसेंबरमध्ये रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू ह्याला बायकोसकट गोळ्या घातल्या. तो मोबुटूचा दोस्त. टीव्हीवर ते बघून हा हादरला, आणि एप्रिल १९९० मध्ये एकपक्षीय राजवट संपली असं जाहीर करताना भाषणात रडला. माझ्या भावना समजून घ्या म्हणाला. पुढच्याच महिन्यात लुबुम्बाशीच्या विद्यापीठात रात्री विद्यार्थ्यांवर हल्ला झाला, मुलं मारली गेली. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी राजधानी लुटली आणि त्यांच्या मागून सामान्य लोकांनीही, अगदी दरवाजे-कमोडसुद्धा उचलून नेले.

आता माझी नोट.

पैसे नाहीत तर काय करायचं, नोटा छापायच्या. दहा हजार, पन्नास हजार, एक लाख, पाच लाख, दहा लाख. परदेशात छापून विमानाने आणायच्या. १९९२ च्या शेवटी पन्नास लाखांची आली. तेव्हा पंतप्रधान होता एतिएन त्शिसेकेदी, मोबुटूचा जुना विरोधक, राष्ट्रीय परिषदेने निवडलेला. त्याने सांगितलं ही नोट बेकायदेशीर आहे, घेऊ नका. आणि लोकांनी घेतली नाही! मोबुटूने १९९३ च्या जानेवारीत सैनिकांचा पगार ह्याच नोटांत केला, ते बाजारात गेले, दुकानदारांनी मान हलवली. मग सैनिक बंदुका घेऊन परत आले. अनेक माणसं मेली, फ्रान्सचा राजदूतसुद्धा दूतावासात गोळी लागून मेला. पण नोट चालली नाही. त्याच वर्षी तीस लाख जुन्या झैरला एक नवा झैर असं चलन काढलं, तर त्शिसेकेदीच्या कासाई प्रांताने तेही घेतलं नाही, ते आपले जुन्या मळक्या नोटांवरच व्यवहार करत राहिले, आणि तिथे भाव बाकी देशापेक्षा बराच स्थिर राहिला.

मी ह्याच्यावर खूप विचार केला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मी काउंटरच्या ह्या बाजूला होतो. रात्री आठ वाजता टीव्हीवर एक माणूस बोलला आणि लोकांच्या हातातली नोट कागद झाली, सकाळी सहा वाजता शाखेबाहेर रांग, म्हाताऱ्या बायका पदराच्या गाठीतून हजाराची घडी काढून माझ्याकडे अशा बघायच्या जणू ती नोट मीच रद्द केलीय. तेव्हापासून मला वाटायचं की नोटेचं नोटपण वरून येतं, सहीतून, शिक्क्यातून. तिकडे उलटं झालं. वरचा माणूस ओरडून सांगतोय की ही नोट आहे, चेहरा माझा आहे, हातात बंदूक आहे, आणि कांदे विकणारी बाई म्हणते नको. सत्तावीस वर्षांत ह्या माणसाला कोणी खऱ्या मतपेटीतून नको म्हणू शकलं नव्हतं.

शेवट पटकन सांगतो. १९९४ मध्ये शेजारच्या रवांडात नरसंहार झाला, लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून गोमाला आले, त्यांच्यात मारेकरीही. १९९६ मध्ये मोबुटू प्रोस्टेट कॅन्सरसाठी स्वित्झर्लंडला दवाखान्यात आणि इकडे रवांडा-युगांडाच्या मदतीने लॉराँ काबिलाचं बंड पूर्वेकडून निघालं. सैनिकांना पगारच नाही, ते लढण्याऐवजी लुटत लुटत मागे हटले. ४ मे १९९७ ला मंडेलांनी दोघांची एका जहाजावर भेट घडवली, तर मोबुटूला जहाजाच्या पायऱ्या चढवेनात, गाडी आत नेण्यासाठी उतार करावा लागला. आणि एक विचित्र गोष्ट, त्याच्याकडे रवांडाचा मेलेला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना ह्याचं प्रेत तीन वर्षं ग्बाडोलिटेला ठेवलेलं होतं. बंडखोर जवळ आले तसं ते विमानाने किन्शासाला आणलं आणि पळून जायच्या आधी घाईघाईत जाळलं, कॅथलिक माणसाचं प्रेत, आणि दहनाची माहिती असलेला कोण, तर एक भारतीय हिंदू धर्मगुरू, त्याच्या देखरेखीखाली. त्या माणसाला काय वाटलं असेल, मंत्र म्हटले असतील का, मला फार उत्सुकता आहे. मोबुटू स्वतः ग्बाडोलिटेहून एका रशियन मालवाहू विमानातून निघाला, विमान उडताना त्याच्याच सैनिकांनी खालून गोळ्या झाडल्या. टोगो, मग मोरोक्को. तिथेच रबातमध्ये पुरलाय. अब्जावधी डॉलर आहेत म्हणत होते, स्विस बँकांत सापडले साधारण ७७ लाख फ्रँक, आणि २००९ मध्ये तेही त्याच्या वारसांना देऊन टाकावे लागले.

दिवाळीला सातारहून मामा आले होते. मामा फौजेत होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत एक वर्ष गोमाला काढलंय त्यांनी, दोन हजार आठ-नऊच्या सुमारास. लाव्ह्याच्या काळ्या दगडांचे रस्ते, लाकडी चाकांच्या चुकुडू गाड्यांवर बटाट्याची पोती लादून उतारावरून सुसाट येणारी पोरं, रात्री लाल दिसणारा ज्वालामुखी, हे आम्ही दर दिवाळीला ऐकतो. त्यांना म्हटलं, मामा, तुमच्या गावची नोट आणलीय. त्यांनी चष्मा लावायच्या आधीच अंगठा कडेवरून फिरवला, चारी बाजूंनी, मग ट्यूबलाइटकडे धरली. अगदी माझ्यासारखं. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाले, "तिथंच की. तिथं सगळा धंदा डॉलरवर, आन डॉलरला टाचणीएवढी चीर असली तरी बाई घ्यायची नाय. पाच डॉलर माझे तसेच परत आलेत घरी, हायत अजून ट्रंकेत."

मग पुन्हा एकदा कड बघितली आणि म्हणाले, "ही चालली आसती. कुठं फाटली नाय, काय नाय."

मी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावला, नोट लांब धरली, जवळ धरली.

"आरं पण हा बाबा कोण?"